आक्काच्या बेचाळीस कॅसेटी

'सर्व्हर सापडत नाही.' मुलीच्या फोनवर हे वाक्य सातव्यांदा उमटलं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

"पुन्हा बघ," वायरमन म्हणाला.

"बघतेच आहे, बाबा."

हिरव्या गाऊनमधली त्याची बायको पलंगावर पाय खाली सोडून बसली होती, जणू आत्ता उठून घरी जाणार. मगाशी नर्सने तिच्या दंडावरचा पट्टा फुगवला आणि आकडा बघून तोंड वाकडं केलं. एकशे नव्वद. अकराला पुन्हा बघू; उतरला नाही तर आज ऑपरेशन नाही, पुढची तारीख तीन आठवड्यांनी. पोटातली गाठ तीन आठवडे ठेवण्यासारखी नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

गोळी दिली होती, पण गोळी भीतीपुढे काय करणार? "मला आक्का ऐकव," एवढंच तिचं चाललं होतं.

आक्का तिची थोरली बहीण. लग्न होऊन लांब गेली. पत्र लिहायचा भारी कंटाळा, म्हणून भांडी घासता घासता कॅसेट भरायची आणि पाठवून द्यायची. अशा बेचाळीस झाल्या, मग आक्काच गेली. आताही बायकोच्या जिवाची घालमेल सुरू झाली की त्यातली एखादी लावायची. पंधरा मिनिटांत बाई ठिकाणावर.

मुलीने त्या सगळ्या घरी, पुस्तकाएवढ्या एका डब्यात भरून ठेवल्या होत्या. कॉम्प्युटरच तो, घरचे फोटो, गाणी, सिनेमे, सगळं त्याच्या पोटात. त्यातलं काहीही फोनवर कुठूनही लावता यावं, अशी सोय तिने खास आजच्यासाठी केली होती. जिन्यात उभं राहून तपासलं, कोपऱ्यावर जाऊन तपासलं, काल ऑफिसातूनही तपासलं. मध्येच लाईट गेली तर आल्यावर डबा आपोआप सुरू होईल, तेही बघितलं.

"दोन-चार फोनमध्येच भरून घे की," वायरमन म्हणाला होता.

"कशाला? आईला कुठली हवी ते तिलाच ठरवू दे ना ऐन वेळी."

डब्यासाठी वेगळा प्लग त्यानेच काढून दिला होता. पट्टी सरळ, वायर कुठे लोंबत नाही. कोणी खोट काढून दाखवावी!

"पासवर्ड बरोबर आहे. इथलं नेट चालतंय." मुलीच्या कपाळावर घाम आला होता. "काल तर सुरळीत होतं. त्या नेटवाल्यांनीच काहीतरी घोळ घातलाय."

वायरमन खिशातल्या किल्लीशी चाळा करत सकाळच्या निघण्याची मनात उजळणी करत होता. गॅस बंद, खिडक्या बंद, मागच्या दाराला कडी. मग चप्पल. मग... त्याचा हात किल्लीवर थांबला.

चाळीस वर्षं. घर रिकामं झालं की मेन स्विच खाली. फ्रिजमधलं दूध नासलं तरी बेहत्तर. काल डबा चालला, कारण काल घरात माणसं होती. मुलीने सगळ्याचा विचार केला होता, बाप सोडून.

क्षणभर त्याला वाटलं, गप्प बसावं. खापर फोडायला नेटवाले आयतेच होते. मग त्याने बायकोकडे बघितलं. तिची बोटं चादरीचा काठ चुरगाळत होती.

"पोरी, मेन पाडलाय मी. निघताना."

मुलीने घड्याळाकडे बघितलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण दहा चाळीस झाले होते. "घरी जायलाच पाऊण तास. किल्ली कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हती. किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हाही त्याचाच नियम.

त्याने शेजारच्या शिंप्याला फोन लावला. "एक काम कर. माझं कुलूप फोड."

पलीकडची शिलाई मशीन थांबली. "तूच बोलतोयस ना? एरवी दाराला टेकू देत नाहीस!"

"फोड रे बाबा. दारामागे उजव्या हाताला मेन आहे, तो वर कर. हात कोरडा ठेव."

फोन चालूच होता. शिंप्याने कोळशाची जुनी, वजनदार इस्त्री उचलली असावी. पहिला घाव घुमला, मग दुसरा. चार दुकानं फिरून आणलेलं दणकट कुलूप होतं ते. आज त्याच्या दणकटपणाचा वायरमनला संताप आला. सहाव्या घावाला काहीतरी खळकन पडलं.

"केला वर! फ्रिज घुरघुरायला लागला. मी इथेच दारात स्टूल टाकून बसतो, घराची काळजी करू नकोस."

"दोन-तीन मिनिटं लागतात डब्याला उठायला," मुलगी म्हणाली.

तिने पुन्हा बोट टेकवलं. 'सर्व्हर सापडत नाही.' परत तेच. आणि मग फोनवर एकाखाली एक बेचाळीस ओळी उमटल्या.

"कुठली लावू, आई?"

"कुठलीही लाव गं."

भांडी वाजली. "हां, तर काय सांगत होते," आक्का म्हणाली. बायकोने पाय वर घेतले आणि डोळे मिटले.

अकराच्या ठोक्याला आलेल्या नर्सने घड्याळाकडे बघून पाच मिनिटं जाऊ दिली, मग पट्टा फुगवला. "एकशे पंचावन्न. चला." फोन आत चालणार नव्हता, तो तिने वायरमनच्या हातात दिला. पलंगाची चाकं वळली, दार मिटलं.

रिकाम्या पॅसेजमध्ये आक्का एकटीच बोलत होती. तिकडे कुलूप फुटलेलं, घर सताड उघडं, मेन चालू.

"द्या बाबा, बंद करते," मुलगी म्हणाली.

वायरमनने फोन छातीशी धरला. "राहू दे. ती बाहेर येईपर्यंत चालू राहू दे."