नाय आणि काय

मिरजेच्या दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट बाईंनी कुत्र्याचं चित्र पुढे धरलं. अडीच वर्षांची शर्वी म्हणाली, "नाय."

"नाही म्हणतेय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नारळाचं चित्र पुढे केलं. शर्वी म्हणाली, "काय."

"बघा, उलट मलाच विचारतेय! मुलीकडे शब्दच नाहीत हो."

शर्वीच्या आईला, गिरिजाला, मात्र दोन्ही उत्तरं कळली होती. कुत्रा म्हणजे नायि, नारळ म्हणजे कायि. तिच्या माहेरच्या कन्नडात लेकीने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने? "माझ्या नातीच्या कानावर कानडी पडता कामा नये," हा सासूबाईंचा हुकूम ती रोज शर्वीला आंघोळ घालताना, दाराला कडी लावून मोडत होती. बोलावं तर घरात महाभारत, गप्प बसावं तर मुलगी मठ्ठ ठरणार.

"आमच्याकडे असं कुणीच नव्हतं," शेजारच्या खुर्चीवरून सासूबाई बाईंना म्हणाल्या. "आईकडूनच आलं असणार."

गिरिजाने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शर्वी त्या खुर्चीखाली बोट दाखवत किंचाळली, "आजी, नायि!"

सासूबाईंनी दोन्ही पाय झटक्यात वर घेतले आणि मग वाकून पाहिलं. खाली वॉचमनचं म्हातारं कुत्रं झोपलं होतं.

"आई, तुम्हाला कानडी कळते?"

"न्हाणीघराची भिंत पातळ आहे," पाय खाली न सोडता सासूबाई म्हणाल्या. "आता नारळाचंही तूच सांग त्यांना."