काजळीचा दम

१९६१ साली आमच्याकडे काजळी आणि हरणी अशा दोन कारवानी शिकारी कुत्र्या होत्या. पिल्लं एकीचीच घ्यायची, दुसरी कुत्री धनगराला द्यायची, ही वडिलांची रीत. काजळी माझी लाडकी होती.

त्या सकाळी माळावर हरणीनं ससा धरला. काजळी चार हात मागे राहिली. काका हसले, "पोरी, तुझी राणी सशाला पोहोचवायला गेली होती." मी काजळीच्या गळ्यात हात घालून रडू आवरलं.

वडिलांनी चिलीम पेटवली, सावकाश संपवली आणि मगच दोघींच्या बरगड्यांना कान लावला. हरणीच्या छातीचा भाता अजून चालूच होता. काजळी निवली होती.

"ससा काय, आज हिला, उद्या तिला," ते म्हणाले. "दम लवकर परतायला हवा, तोच पिल्लांत उतरतो. काजळीचीच घेऊ."

माझा अडकलेला श्वास सुटला.

हरणी मेंढरं राखत सुखात म्हातारी झाली. काकांनी काजळीचं पहिलं पिल्लू मागून नेलं. वडील सत्तर साली गेले. काजळीची नात माझ्याबरोबर सासरी आली. आता जिना चढले की मी बरगडीवर हात ठेवून थांबते. दम अजून परततो.