साथीला कोण?

देवळात लावलेल्या पडद्यावर शेवटी एकच ओळ उमटली : ‘दिग्दर्शन व संकलन – निनाद’. टाळ्या पडल्या. ज्यांच्यावर हा लघुपट केला होता, त्या कीर्तनकारबुवांनी निनादला बुक्का लावला आणि हार घातला.

संकलन खरं तर शाल्मलीचं. त्याचा लाडका शॉट तिनं कापला म्हणून दोघांचं वाजलं, आणि काल त्यानं तिचं नावच काढून टाकलं. आता ती मागे खांबापाशी लॅपटॉप सांभाळत उभी होती.

“बाळा, आमच्या देवळात बुवाचा हार आधी पेटीवाल्याच्या, मग तबलजीच्या गळ्यात जातो,” बुवा हसून म्हणाले. “त्यांच्यावाचून कीर्तन म्हणजे नुसती बडबड! तुझ्या साथीला कोण होतं रे?”

निनादनं मान वर केली. समोर पांडुरंग उभा.

“त्यानं एकट्यानंच केलंय, बुवा,” मागून शाल्मलीच बोलली. आवाजात टोमणा नव्हता. बुवांचा सूर घसरला की पेटीवाला सावरून घेतो, तशी ती त्याला सावरत होती.

“खोटं बोलतेय ती, बुवा,” तो कसाबसा म्हणाला, आणि हार काढत खांबाकडे निघाला.