शंकानिरसनाचा तास

परीक्षा तोंडावर आली, म्हणून मुलींच्या शाळेत दहावीसाठी खास शंकानिरसनाचा तास ठेवला. गणिताच्या बाई वर्गात शिरल्या, तोच शेवटच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, वर्तुळाचं ते प्रमेय मला अजिबात..."

"थांब गं, आधी उपक्रमाचा फोटो होऊ दे. हात मात्र खाली घेऊ नकोस हं, झकास दिसतोय! बाकीच्यांचे काय गहाण पडलेत? करा वर!"

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून फोटो पुन्हा काढला. मग उजेड कमी पडला म्हणून बाकं खिडकीकडे सरकवली. बाकं परत जागेवर लावेपर्यंत घंटा झाली.

मुख्याध्यापिकांना फोटो आवडला. फक्त, इतक्या मुलींना शंका आहेत हे पालकांना कळणं काही त्यांना बरं वाटेना. त्यांनी खाली लिहिलं, 'उत्तर द्यायला सरसावलेल्या आमच्या विद्यार्थिनी', आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला.

शेवटच्या बाकावरची ती मुलगी घरी पोचली, तेव्हा बाबा शिकवणीच्या सरांशी फोनवर बोलत होते.

"नाही सर, उद्यापासून ती येणार नाही. अहो, शाळेचा फोटो पाठवलाय तुम्हाला, बघा तरी. सगळ्यात उंच हात आमच्या पोरीचा!"