शेवटचा शब्द

खासदारांचं विधेयक उद्या सभागृहात मांडायचं होतं. कुटुंबातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला भरपगारी रजा मिळावी, एवढाच त्याचा मुद्दा. कुटुंब म्हणजे कोण, त्याची व्याख्या सचिव बाईंनी लिहून आणली होती. नवरा, बायको, मुलं, आईवडील, सासूसासरे. एकेका शब्दावर पेन टेकवत खासदार खाली आले आणि शेवटच्या शब्दापाशी अडले.

"शेजारी? अहो बाई, उद्या गल्लीतलं कुणीही उठून रजा मागेल. हसं होईल माझं." त्यांनी शब्दावर काट मारली.

बाई कागद गोळा करायला लागल्या. "साहेब, दर सोमवारी तुमच्या आईंना फोन मीच लावून देते. उचलतात शेजारच्या काकू. आई दवाखान्यात होत्या ते आठ दिवस त्या तिथेच, पलंगाशेजारी जमिनीवर झोपायच्या. खाडे झाले म्हणून नोकरी गेली त्यांची. परवा बोलता बोलता सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून."

खासदारांनी काट मारलेला तो कागद बाईंच्या हातातून परत घेतला.

"घरी फोन लावा."

"दुपारच्या आई झोपलेल्या असतात, साहेब."

"आईला उठवू नका. मला काकूंशीच बोलायचंय." बाईंनी फोन हातात घेतला, तसे ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्याआधी मला त्यांचं नाव सांगा."