भाऊसाहेबांची साक्ष

"गेल्या पाच वर्षांत प्रत्यक्ष रुग्णसेवा कुठे केलीत, सिस्टर?" नर्सिंगची नोंदणी नव्याने करून देणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं.

"घरीच," हेमांगी म्हणाली. "सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळले होते."

"पण घरी हा शुश्रूषेचा रोबो होता ना? मग सेवा त्याच्या नावावर धरावी लागेल."

हेमांगीचं तोंड एवढंसं झालं. नोंदणी गेली की वॉर्डात पुन्हा पाऊल टाकता येणार नव्हतं. तो रोबो तिच्या मागेच होता. साहेबासारखा नुसता उभा राहतो म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं होतं.

"साहेब, सेवा मी केलेली नाही," रोबो अचानक म्हणाला. "कूस बदलायला, जखम धुवायला मी हात पुढे केला की ताई म्हणायच्या, 'तू हो बाजूला.' मग मी बाजूला उभा राहून बघायचो. दर खेपेची वेळ, दर खेपेची पद्धत, सगळं माझ्याकडे आहे."

अधिकाऱ्याने त्या नोंदी बराच वेळ वाचल्या आणि अर्जावर शिक्का मारला.

बाहेर पायऱ्यांवर भाऊसाहेबांनी सवयीने पिशवी घ्यायला हात पुढे केला. हेमांगीने डोळे पुसले आणि पिशवी त्याच्या हातात दिली.