काळा डाग

राजुरीच्या सुईण साळुबाईंचा मधुमेहानं चिघळलेला पाय कापायचंच ठरलं होतं. शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरांनी, कुण्या बाळंतिणीनं दान केलेल्या नाळेतल्या मूळपेशी जखमेत सोडल्या आणि दोन महिन्यांत जखम भरत आली. आज तपासणीला आईला घेऊन आलेला गोरख खुशीत होता.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. नव्या गुलाबी कातडीच्या मधोमध काळा डाग! गोरख घाईनं पुढे वाकला. डॉक्टरांनी हलक्या हातानं कापसाचा बोळा फिरवला, तर डाग बोळ्यावर आला.

"हे काय, मावशी?"

"तीट. तान्ह्या लेकराच्या नाळेतलं औषध हाय, तुमीच म्हणला व्हता. येणारं-जाणारं बघतंय, 'लई मऊ, लई गुलाबी' म्हणतंय. दृष्ट न्हाई लागायची?"

"अहो, पण जखमेला काजळ..."

"डॉक्टर, शंभरावर बाळंतपणं केलीत म्या. लेकराला कसं जपायचं ते मला नका शिकवू."

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे ओढली. गोळ्यांची नावं लिहून झाल्यावर खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तीट, रोज एकदा. पट्टीच्या वरून.'